गावातला भुईकोट वापरात आणायचाय? सुरुवात तटाच्या डोक्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाला चिकटून राज्य संरक्षित भुईकोट आहे. तटावर पिंपळ, खंदकात गावाची गटारं, आत कमरेइतकं गवत आणि बऱ्या अवस्थेतल्या दोन-तीन इमारती. नगरपरिषद आणि गावातली मंडळी मिळून तिथे छोटं संग्रहालय, वाचनकट्टा, खुला रंगमंच आणि खंदकात बोटिंग करू पाहतात. पहिल्या टप्प्याचा निधी येऊ घातलाय. प्रवेशद्वाराचं सुशोभीकरण आणि रोषणाई आधी घ्यावी का?

नाही. पहिला पैसा तटाच्या डोक्यावर खर्च करा, जिथे तो कुणाला दिसणार नाही. कारण सांगतो.

आपल्याकडच्या भुईकोटांचा तट म्हणजे एकसंध दगड नव्हे. बाहेरून एक घडीव काळ्या दगडाचा थर, आतून दुसरा, आणि मध्ये दगडगोटे, मुरूम, चुना यांची भर. पाणी वरून या भरीत शिरलं की आधी चुना धुऊन जातो, मग माती खाली बसते, आणि मोकळी झालेली भर बाहेरच्या थराला ढकलू लागते. तटाला पोट सुटतं. मग एखाद्या पावसाळ्यात, बहुधा मोठ्या उघडिपीनंतरच्या झडीत, पंधरा-वीस फुटांचा तुकडा एकदम खाली येतो. आता हिशेब करा. तटाचा माथा ४ मीटर रुंद धरला, तर १०० मीटर लांबीत ४०० चौरस मीटर क्षेत्र होतं. वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरला तरी ३ लाख लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे ३० टँकर! उन्हाळ्यात ज्या गावात टँकरची वाट बघतात, त्याच गावातल्या तटाच्या पोटात दरवर्षी इतकं पाणी ओतलं जातं.

बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. १६१३ मध्ये नळदुर्गला बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बसवणाऱ्या कारागिरांच्या पिढीला पाण्याची वाट कळत होती. तटाच्या माथ्याला चुन्याचा कोबा (कुटून घट्ट केलेला थर), आतल्या बाजूला किंचित उतार आणि ठरावीक अंतरावर पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हाळ असायची. कोबा आता फुटलाय, पन्हाळी बुजल्यात. एखादी पन्हाळ जवळून बघा: तोंडाशी वाळलेलं गवत, त्यामागे पारव्याच्या घरट्याच्या काड्या, त्यामागे हातभर माती, आणि त्या मातीत पिंपळाचं बोटभर रोप. त्या एका पन्हाळीमागे सहा-सात मीटर तट भिजत असतो. म्हणून पहिलं काम बादलीचं. माथ्यावर पन्हाळीच्या तोंडाशी एक बादली पाणी ओता. दुसऱ्या टोकाने मिनिटाभरात निघालं तर ती चालू; नाही निघालं तर नकाशावर तिच्यावर फुली मारा. शंभर मीटरला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो, आणि निविदेआधी हाती येणारी एवढी कामाची माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

झाडं

पिंपळ, वड, उंबर उपटू नका. श्रमदानाच्या उत्साहात नेमकं हेच होतं: दोर लावून रोप ओढलं जातं, मुळाबरोबर दोन दगड येतात, फोटो छान निघतो. ज्यांचं खोड मनगटापेक्षा बारीक आहे ती झाडं वीतभर बुंधा ठेवून कापा आणि कापल्यावर काही मिनिटांतच ताज्या कापावर ब्रशने ग्लायफोसेट लावा. फवारायचं मुळीच नाही, खाली खंदकात पाणी आणि जनावरं असतात. २०२२ पासून हे औषध परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं बंधन आहे, तेव्हा ते काम त्यांच्याकडून करून घ्या. हंगाम पावसाळा सरतानाचा, सप्टेंबर-ऑक्टोबर, कारण त्या वेळी झाड रस खाली मुळाकडे नेत असतं. मुळं पूर्ण मरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर बुंध्याला हात लावायचा नाही. नंतर त्या भागातले दगड क्रमांक घालून उतरवा, मूळ काढा आणि दगड चुन्यात परत त्याच जागी बसवा. खोडात हिंग भरला की पिंपळ मरतो या समजुतीवर विसंबू नका. हिंग संपतो, पिंपळ राहतो. आणि मांडीएवढं खोड तटात रुतून बसलं असेल तर ते तसंच ठेवून दरवर्षी फांद्या उतरवणं शहाणपणाचं. अशा झाडानेच तिथला तट धरून ठेवलेला असतो.

वाळल्या गवताचं प्रकरण वेगळं. ते मार्चआधी कापून बाहेर नेलंच पाहिजे. देवगिरीवर २०२५ च्या उन्हाळ्यात गवताला लागलेली आग सगळ्यांनी पाहिली. पेटवून गवत साफ करण्याचा विचार कुणी मांडला तर तिथेच थांबवा: तापलेल्या काळ्या दगडाचे पापुद्रे सुटतात आणि जुना चुना भुरभुरीत होतो.

चुना, आणि सिमेंट का नाही

सिमेंटने भरलेल्या दरजांनी, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांनी, जेवढं नुकसान झालंय तेवढं लढायांनीही झालं नसेल. सिमेंट चुन्यापेक्षा घट्ट बसतं, भरीतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद करतं. ते पाणी मग दगडातून वाट काढतं, क्षार पृष्ठभागावर आणतं आणि दगडाची कड झिजवतं. दरज शाबूत, दगड खाल्लेला, हे दृश्य दिसलं की समजावं.

चुन्याचं काम असं: भाजलेला चुना हौदात पाण्यात विरवायचा, बारीक जाळीतून गाळायचा आणि पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे मुरू द्यायचा. जास्त मुरला तर उत्तमच. दरजांसाठी साधारण १ भाग चुना, अर्धा भाग सुर्खी (विटांची पूड), दीड भाग धुतलेली वाळू. नेमकं प्रमाण तुमच्या तटातल्या जुन्या चुन्याची तपासणी करून ठरवा. घाणीत (दगडी चाकाच्या चुन्याच्या गिरणीत) दळायचा, कारण फावड्याने कालवलेल्या चुन्याला चिकटपणा येत नाही. बेलफळ, हिरडा, गूळ यांचं पाणी दहा-पंधरा दिवस आंबवून घालतात, तेही जुन्या मिश्रणाशी जुळवून. गूळ जास्त झाला की मुंग्या आणि बुरशी. दरज उकरायची ती छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत, साधारण २५ ते ४० मिलिमीटर. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. भरल्यावर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट. एप्रिल-मे महिन्यांतल्या ४२ अंशांत हे होत नाही. चुना वाळतो, जमत नाही, पावसाळ्यात पीठ होऊन पडतो. म्हणून चुन्याचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत कामाचे आदेश निघतात, हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं दुखणं; कार्यारंभ आदेश सप्टेंबरात निघेल असंच वेळापत्रक आखा.

माथ्याचा कोबा ७५ ते १०० मिलिमीटर, चुना आणि विटांच्या खड्याचा. उतार ४० ला १ ठेवा, म्हणजे ४ मीटर रुंदीत १० सेंटिमीटर. लाकडी थापीने रोज कुटायचा, थापी उडू लागेपर्यंत. चार-पाच दिवस लागतात आणि ठेकेदाराला तेच नको असतं.

फसवणूक कशी होते तेही सांगून ठेवतो. चुन्यात ‘जरासं’ सिमेंट घातलं जातं, कारण लगेच कडक होतं आणि बिल निघतं. दुसऱ्या दिवशी दरजेत नख दाबा. शुद्ध चुन्यात ठसा उमटतो. नखच वाकलं तर मिश्रण बदललेलं आहे. निविदेत आधी १ मीटर बाय १ मीटरचा नमुना पट्टा करून घ्यायची अट घाला, तो वास्तुसंवर्धकाने मान्य केल्यावरच पुढचं काम. फक्त कमी दरावर ठेका देऊ नका. चुन्याचं काम केलेल्या गवंड्यांची नावं आणि त्यांनी केलेल्या कामांची स्थळं मागवा आणि दोन ठिकाणं जाऊन बघा.

जिथे पोट सुटलंय तिथे दरजा भरणं म्हणजे मलमपट्टी. तिथे भरीत चुन्याचा पातळ घोळ सोडावा लागतो: सुमारे मीटरभर अंतरावर आडवी-तिडवी भोकं, आदल्या दिवशी पाण्याने धुतलेली, खालून वर भरत जायचं, एका दिवसात मीटरभर उंचीच्या वर नाही, आणि दाब उंचावर ठेवलेल्या पिंपाचा तेवढाच. पंपाचा जोर लावला की सुटलेलं पोट त्याच दिवशी फुटतं. फुगवटा फारच असेल तर उतरवून पुन्हा बांधा आणि त्या वेळी दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड घाला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात घरांच्या जाड भिंती याच एका उणिवेने फाकल्या होत्या: दोन थर, मध्ये माती, आरपार दगड नाही. किल्लारी मराठवाड्यातच, औसा तालुक्यात. त्यानंतर भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मधून झोन ३ मध्ये गेला. तटाखाली माणसं बसवणार असाल तर संरचना अभियंत्याला हे सांगून हिशेब करून घ्या.

खंदक आणि बोटिंग

आधी गटारं वळवा. नगरपरिषदेच्या हातात पूर्णपणे असलेलं हे एकमेव काम आहे आणि त्याला पुरातत्त्व विभागाच्या निधीची वाट बघावी लागत नाही. खंदकाच्या बाहेरच्या काठाने बंद नळ टाकायचा, मात्र त्याची खोदाई कुठून न्यायची हे विभागाकडून आधी ठरवून घ्या.

गाळ काढताना जेसीबी तटाच्या पायथ्यापासून किमान ३ मीटर दूर. पायथ्याचा गाळ हाताने. सुरुवातीला दर ३० मीटरवर १ बाय १ मीटरचा खड्डा पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीत घ्या, म्हणजे गाळ कुठे संपतो आणि मूळ तळ कुठे लागतो ते कळेल. तळाला चिकणमातीचा थर असेल आणि तो खरवडला तर खंदकात पुन्हा पाणी टिकणार नाही. काढलेला गाळ लगेच शेतकऱ्यांच्या ट्रॉलीत भरू नका, चाळून घ्या. खापरं, नाणी, तोफगोळे त्यातच असतात. पोकळ तोफगोळा निघाला तर त्यात दारू असू शकते. तो घासायचा नाही, उचलायचा नाही, पोलिसांना कळवायचं.

बोटिंगबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. गटाराचं पाणी सोडलं तर अनेक दशकं कोरडा असलेला खंदक एकदम भरला की पायाखालची काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटली की भेगाळते, आणि त्या हालचालीने तट वाकू शकतो. फारच आग्रह असेल तर एक तुकडा मातीचा बांध घालून वेगळा काढा, एका पावसाळ्यात मीटरभर पाणी ठेवा आणि तटावर खुणा लावून दर महिन्याला मोजा. हालचाल शून्य आली तरच पुढचं. तोवर खंदकाच्या बाहेरच्या काठाने चालायची वाट करा. तट नीट दिसतो तो तिथूनच, आणि सकाळी फिरायला येणारे खरे रोजचे वापरकर्ते तीच वाट वापरतील.

आत काय करायचं

इमारत काय पेलते त्यावरून वापर ठरवा. उलटं केलं की भिंती फोडाव्या लागतात. देवड्या (दरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोल्या) वाचनकट्ट्याला उत्तम: सावली, वारा, दरवाजाजवळ, राखणदाराच्या नजरेत. अंबारखाना (धान्याचं कोठार) संग्रहालयाला चालतो, पण दोन पावसाळे आतली आर्द्रता मोजल्याशिवाय कागद, कापड, लाकूड ठेवू नका. दगड, धातू, खापरं चालतात. दारूकोठारात एकच दार आणि हवा कमी, तिथे लोक जमवायचे नाहीत. हमामखान्यात (स्नानगृहात) मूळ गिलावा शिल्लक असेल तर तो बाहेरूनच दाखवा. वटवाघळं असलेल्या खोल्या घाईने रिकाम्या करू नका: पिलांचा हंगाम टाळायचा, विष्ठा कोरडी झाडायची नाही, ओली करून, चांगला मास्क लावून काढायची.

तोफा हा आपल्या किल्ल्यांचा मोठा ठेवा. विजापूरची मुलूख-मैदान, १५४९ ची, तिकडे जाण्याआधी परंड्यात होती. तोफेला काळा ऑइलपेंट फासणं बंद करा. लोखंडी तोफ कोरड्या ब्रशने साफ करून संवर्धकाने सांगितलेलं मेण लावा. पंचधातूची तोफ चमकवायची नाही. मातीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा आणि तोंड किंचित खाली, म्हणजे नळीत पाणी साचत नाही.

रंगमंच कायमचा बांधू नका. मोकळ्या दिसणाऱ्या मैदानाखाली जोती, हौद, तळघरं असतात. भार आला की त्यांची कमान खचते. आधी भूवेधी रडारने पाहणी करा, मग सुटा मंच, खाली भार पसरवणाऱ्या फळ्या, आणि खुंट्या ठोकण्याऐवजी पाण्याने भरलेले पिंप. स्पीकर तटाला टेकवून नको, पोट सुटलेल्या भागाजवळ तर नकोच. फटाके नाहीत. जनरेटर तटाबाहेर. तारा नळीत घालून दरजांत क्लॅम्पने धरायच्या, दगडात ड्रिल नाही. दिवे पिवळसर आणि मंद. रंग बदलणारी रोषणाई लग्नाच्या हॉलला शोभते.

आता गर्दी. भुईकोटाचा दरवाजा मुद्दाम वळणं घेत आत जातो, शत्रूचा वेग मोडायला. घाबरलेल्या प्रेक्षकांचाही वेग तो तसाच मोडतो. सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात. सगळ्यात अरुंद जागा २.४ मीटर असेल तर मिनिटाला सुमारे १९० आणि ८ मिनिटांत १,५००. दरवाजा एकच आणि वळणं दोन, म्हणून ते निम्मं करा: ७५०. एवढीच तुमची क्षमता, प्रमुख पाहुणे कितीही मोठे असोत. कार्यक्रम चालू असताना मोठी दारं लावून फक्त दिंडी (दारातलं छोटं दार) उघडी ठेवणं हा गुन्हा समजा.

शौचालय तटाच्या बाहेर, गळणारा नळ हा तटाचा पक्का वैरी म्हणून. तटाच्या आतल्या पायथ्याशी हिरवळही नको, त्याच कारणाने. रोजच्या तुषारांनी पाया बारा महिने ओला राहतो. पेव्हर ब्लॉकऐवजी मुरमाची वाट. उतरती वाट १२ ला १, वाळूच्या थरावर दगड मांडून, पुढे उचलता येईल अशी. फांजीवर (तटावरून चालायच्या वाटेवर) लोकांना दुरुस्त झालेल्या तुकड्यावरच सोडा आणि कठडा भार ठेवून उभा करा.

परवानगी आणि माणसं

राज्य संरक्षित स्मारकाला १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो आणि प्रत्येक कामाला पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची पूर्वपरवानगी लागते, श्रमदानालासुद्धा. देवगिरीसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तुमचा सातबारा, गाव नकाशा आणि अधिसूचना एकत्र ठेवून हद्द आधी मोजून घ्या. खंदक हद्दीत आहे की नाही यावरच निम्मी कामं अडतात. नळदुर्ग ज्या ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजनेतून खासगी संस्थेकडे गेला तो मार्गही आहे, पण करारात तिकिटाचे दर, स्थानिकांचा मोफत प्रवेश आणि देखभालीची मोजता येणारी कामं लिहिलेली हवीत.

किल्ल्यात मठ, मशीद, दर्गा, मंदिर यांपैकी काहीतरी असतंच. उदगीरला उदागीर बाबांचं स्थान आहे, तिथे लोक किल्ला बघायला नाही, दर्शनाला येतात. जत्रा-उरुसाच्या तारखा, गुरं चारणाऱ्यांच्या वाटा आणि पोरांचं क्रिकेट नकाशावर मांडा, मगच वेळा ठरवा. उन्हाळ्यात सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी साडेचार ते ८ एवढ्याच वेळा उपयोगाच्या. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत मराठवाड्यातला एकही नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईचे पर्यटक धरून उत्पन्नाचं गणित मांडू नका. तुमचा प्रेक्षक गावातलाच.

खर्चाचा माझा अंदाज असा: शंभर रुपयांतले दहा मोजणी आणि नोंदींवर, पंचावन्न पाणी, झाडं आणि तटावर, पंधरा वाटा, शौचालय आणि दिव्यांवर, दहा आतल्या वापरावर, आणि दहा बँकेत देखभालीसाठी. त्यातून एक राखणदार, दोन गवत कापणारे आणि वर्षातून दोनदा येणारा चुन्याचा गवंडी सुटतो. मे महिन्यात पन्हाळी साफ, जून ते ऑगस्ट फक्त पाहणी आणि ठरलेल्या जागांवरून फोटो, सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडं, मग चुना. आत्ता निधी आलेला नसला तरी पन्हाळींची बादली-तपासणी करून नकाशा बनवायला काही अडत नाही. संचालनालयाला पत्र पाठवताना तोच सोबत जोडा.